फोनवर असताना दुसरा फोन आला की... (तुमचे अनुभव लिहा)

सायली_अ
आज बहिणीला फोन लावला, ती दुसऱ्या कॉलवर होती, आणि एकदम जुनं आठवलं. आईचं ऑपरेशन चालू होतं, बाबा बाहेर एकटेच बसलेले. मी विमावाल्यांशी बोलत होते. खूप वेळ रांगेत थांबल्यावर माणूस लागला होता. तेवढ्यात कानात टूं टूं, स्क्रीनवर बाबा. विमावाल्याला म्हटलं, "जरा थांबता का, घरचा फोन आहे", होल्ड केलं आणि घेतला. बाबा म्हणाले, "बाहेर आणलं तिला. बोलली माझ्याशी." बस्स, एवढंच. परत आले तर तो माणूस तसाच थांबलेला! त्याने आधी आईची चौकशी केली, मग पॉलिसीचा नंबर विचारला. त्या माणसाचं मला अजून कौतुक वाटतं. तुम्ही काय करता? होल्ड, कट, की वाजू देता?

मनवा
वाचून पोटात गोळा आला गं. आई बऱ्या आहेत ना आता?

सायली_अ
हो गं, ठणठणीत!

केदार_क
आमच्या बाबांना ते 'होल्ड करून घ्या' आणि 'कट करून घ्या' कळायचंच नाही. घाबरून लाल बटण दाबायचे, चालू माणूस गायब. मग एका रविवारी मी आणि बायको दोन खोल्यांत बसून त्यांना आलटून पालटून फोन करत राहिलो. संध्याकाळपर्यंत आत्याला होल्डवर ठेवून माझ्याशी गप्पा मारत होते. वडीलधाऱ्यांना तोंडी सांगून उपयोग नाही, हातात फोन देऊन सराव करून घ्या.

रानवारा
केदार, भारी आयडिया. आजच करते सासूबाईंबरोबर.

नंदूकाका
ज्यांना बीपच येत नाही त्यांनी स्टार ४३ हॅश डायल करून बघा, बहुतेक नेटवर्कवर कॉल वेटिंग चालू होतं. बंद करायला हॅश ४३ हॅश. चालू आहे का बघायचं तर स्टार हॅश ४३ हॅश. सेटिंगमध्येही असतं, पण प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या कोपऱ्यात.

मनवा
काका, झालं चालू!! इतके दिवस सगळे म्हणायचे तुझा फोन कायम एंगेज.

गिरीश_प
दोन सिमवाल्यांचं दुखणं वेगळंच. एका सिमवर बोलत असलो की बऱ्याच फोनमध्ये दुसरं सिम लागतच नाही, समोरच्याला वाटतं फोन बंद आहे. मुलीच्या शाळेकडे दुसरा नंबर होता. तिला ताप आला तेव्हा त्यांनी फोन लावला तर लागेना, शेवटी हिला केला. त्याच दिवशी दुसरं सिम 'संपर्क होत नसेल तर' पहिल्यावर फॉरवर्ड केलं. आता तो कॉल पहिल्यावर वेटिंगला येतो.

रानवारा
अरे बाप रे. लेक बरी आहे ना?

गिरीश_प
हो हो, दोन दिवसांत उड्या मारायला लागली.

अनघा_वाचते
एक कळकळीची विनंती, कॉल मर्ज जपून करा. माझ्या मैत्रिणीला अनोळखी माणसाचा फोन, "तुमच्या ओळखीच्यांनी नंबर दिला, त्यांचाच दुसरा कॉल येतोय, मर्ज करा." तो दुसरा कॉल बँकेचा ओटीपी सांगणारा होता! मर्ज केला की ओटीपी त्यालाही ऐकू जातो. तिला शंका आली आणि तिने दोन्ही कट केले म्हणून वाचली. घरात सगळ्यांना सांगा.

केदार_क
+१. बाबांना पुढचा धडा हाच.

मनवा
पण मर्ज चांगलंही आहे हं. आम्ही भावंडं आजीच्या वाढदिवसाला सगळे एकत्र. आपल्याशिवाय पाच जण बसतात ना?

नंदूकाका
साध्या कॉलवर सहसा पाचच. काही ठिकाणी कमी.

शुभदा
मी आत्ता बाळाला झोपवतेय, हळूच लिहिते. आमच्या घरी ठरलंय, लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला तर हातातलं सोडून घ्यायचा. रात्री फोन डू नॉट डिस्टर्बवर असला तरी 'रिपीटेड कॉल्स' चालू ठेवा. त्याच माणसाचा आयफोनवर ३ मिनिटांत आणि अँड्रॉइडवर १५ मिनिटांत परत फोन आला तर वाजतो.

सायली_अ
हे माहीतच नव्हतं, लावलं लगेच. बाळ झोपलं का?

शुभदा
नाही ना. डोळे टक्क उघडे.

रानवारा
गिरीश, फॉरवर्ड केल्यावर पैसे पडतात का?

गिरीश_प
फॉरवर्ड झालेला कॉल आपल्याच खात्यावर धरला जातो. प्लॅनमध्ये बसतो का ते कंपनीला विचारून घे.