क्वेडलिनबर्गला एकटीने जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, वय ५८, पेशाने डॉक्टर. मुलगी जर्मनीत, लाइपझिगला नोकरी करते. सप्टेंबरअखेरीस तीन आठवडे तिच्याकडे जाणार आहे. तिला रजा नाही, म्हणून तिथल्याच क्वेडलिनबर्ग या जुन्या गावी एकटीनेच जायचं ठरवलंय. परदेशात एकटीने मुक्कामाचा प्रवास पहिल्यांदाच करतेय.

हेच गाव का, असं मुलगीही विचारते. डोरोथिआ एर्क्सलेबन या बाईंचं हे गाव. जन्म १७१५ चा. वडील डॉक्टर, त्यांनी मुलाबरोबर मुलीलाही वैद्यक शिकवलं. विद्यापीठात बायकांना प्रवेश नव्हता, पण १७४१ मध्ये प्रशियाच्या राजाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, तिला खास परवानगी दिली. पुढे बिजवराशी लग्न झालं. त्याची पाच मुलं, स्वतःची चार, आणि त्यातच रोगी तपासणं. एक रोगी दगावला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी तिच्यावर वैदूगिरीचा आरोप केला. तिने प्रबंध लिहिला, हाले विद्यापीठात लॅटिनमध्ये तोंडी परीक्षा दिली आणि १७५४ मध्ये पदवी घेतली. जर्मनीतली ती पहिली स्त्री डॉक्टर. आपल्या आनंदीबाईंना पदवी मिळाली १८८६ साली. आनंदीबाईंची गोष्ट मी आईच्या तोंडून ऐकत मोठी झाले. डोरोथिआबद्दल वाचलं तेव्हा तीही घरातलीच वाटली. तिच्या गल्ल्यांतून एकदा चालायचंच आहे.

गावही तसंच आहे. ९३६ मध्ये तिथे स्त्रियांचा मठ स्थापन झाला आणि जवळजवळ साडेआठशे वर्षं मठाधिपती बायकाच होत्या. टेकडीवरच्या सेंट सेर्वाशियस चर्चच्या तळघरात जर्मन राजा पहिला हेन्री आणि त्याची राणी माटिल्डा यांची दफनभूमी आहे. लाकडी सांगाड्याची हजाराहून जास्त जुनी घरं आहेत, १९९४ पासून जागतिक वारसा यादीत.

आता अडचणी.

गाडी हाले आणि हाल्बरश्टाटला बदलावी लागेल असं दिसतंय. एक गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली, तर प्रादेशिक गाड्यांच्या दिवसभराच्या तिकिटावर नंतरच्या गाडीत बसता येतं ना? कामाच्या दिवशी हे तिकीट सकाळी नऊनंतर चालतं, तेवढं कळलंय.

उजवा गुडघा कुरकुरतो. रस्ते दगडी फरसबंदीचे, त्यात टेकडी. चाकांची बॅग ओढत नेणं जमेल, की पाठीवरची सॅक बरी? मुक्काम स्टेशनजवळ करावा की बाजारचौकात?

एक रात्र पुरेल का? मागच्या खेपेला एका टूरबरोबर गेले होते. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, फोटो काढा आणि बसमध्ये चढा. घरी आल्यावर कुठलं गाव कुठलं तेही आठवेना. तसं पुन्हा नको, म्हणून मी दोन रात्रींकडे झुकतेय. त्यातला एक दिवस रविवार आला तर दुकानं बंद असणार, मग शाकाहारी जेवणाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवावी का? मेतकूट आणि दशम्या बरोबर असतीलच.

शिवाय तिथून हार्त्सच्या डोंगरात वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी जाते. आमचे हे रेल्वेत होते. ते असते तर आधी त्याच गाडीत बसले असते. अर्ध्या दिवसात जाऊन परत येता येईल असं स्टेशन कोणतं?

कुणी, विशेषतः बायकांपैकी कुणी, तिथे एकटीने राहिलं असेल तर जरूर लिहा. संध्याकाळी सातनंतर त्या गल्ल्यांत वर्दळ असते का?