‘जैविक जोखीम घटक’ चालेल का?

रानजाई
एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. विषय: एचआयव्ही असलेल्या मुलांना लिम्फोमा हा कर्करोग होण्याचा संभव कशामुळे वाढतो. ‘बायॉलॉजिकल रिस्क फॅक्टर्स’साठी ‘जैविक जोखीम घटक’ लिहिलं. बहिणीला वाचायला दिलं, तर म्हणाली, “हे दवाखान्यातल्या पिवळ्या पिशवीच्या कचऱ्याबद्दल आहे का?” वाचणारे पालक आहेत, काही घरांत आजी-आजोबाच. दुसरं काय लिहू?

खडूफळा
बहिणीचं बरोबर आहे. ‘जैविक’ म्हटलं की खत, अस्त्र नाहीतर कचरा. आणि ‘घटक’ बिस्किटाच्या पुड्यावर छापलेले असतात. सरळ ‘लिम्फोमाची कारणे’ लिहा, विषय संपला.

बाळगुटी
संपला नाही. ‘कारणे’ लिहिलंत तर पत्रक चुकेल. एपस्टाईन-बार विषाणूचंच बघा. १९५८ साली युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या सर्जनने लहान मुलांच्या जबड्यातल्या गाठींचं, म्हणजे आजच्या बर्किट लिम्फोमाचं, वर्णन केलं, आणि १९६४ मध्ये एपस्टाईन, अचाँग आणि बार यांना त्याच गाठींच्या पेशींत हा विषाणू दिसला. पण जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो मुक्कामाला असतोच. तुमच्या-माझ्याही असणार. आपल्याला कुठे लिम्फोमा झालाय?

एचआयव्ही असलेल्या मुलात फरक पडतो तो असा. या विषाणूला धाकात ठेवणाऱ्या टी-पेशी (रक्तातल्या संरक्षक पेशी) कमी झालेल्या असतात. पुष्कळदा दोन्ही संसर्ग कोवळ्या वयातच होतात, म्हणजे ओळख पटायच्या आत पहाराच ढिला. दुसरीकडे एचआयव्हीमुळे बी-पेशी, म्हणजे प्रतिपिंडं घडवणाऱ्या संरक्षक पेशी, सतत चेतवलेल्या राहतात, भराभर वाढतात. प्रतिपिंडं घडवताना या पेशी स्वतःचा डीएनए कापतात आणि पुन्हा जोडतात. असं वर्षानुवर्षं चाललं की एखादा जोड चुकतो. बर्किट लिम्फोमात आठव्या गुणसूत्रावरचं ‘मिक’ जनुक बहुधा चौदाव्यावर जाऊन बसतं आणि पेशीची वाढ थांबत नाही. रक्तातला एचआयव्ही दीर्घकाळ जास्त राहणं, सीडी-४ (टी-पेशींची एक मोजणी) खूप खाली जाणं, औषधं उशिरा सुरू होणं, यांतलं प्रत्येक संभव वाढवतं. एकटं कुणीच ‘कारण’ नाही. बर्किट तर सीडी-४ फार घसरलेला नसतानाही होतो. उलट मेंदूतला लिम्फोमा येतो तो बहुतेकदा सीडी-४ तळाला गेल्यावर, आणि त्यात एपस्टाईन-बार जवळजवळ नेहमीच सापडतो.

खडूफळा
‘कारणे’ मागे घेतलं. मग ‘जोखीम’?

ओटीवरून
मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन करते. ‘जोखीम’ कृपया नको. जोखीम माणूस पत्करतो, घेतो, नाहीतर अंगावर ओढवून घेतो. आईने वाचलं की ती पहिलं स्वतःकडे बघणार. आधीच त्या बायका ‘माझ्यामुळे पोराला झालं’ हे डोक्यात घेऊन बसलेल्या असतात. ‘धोका’ म्हणा. तो कुणी न घेताही असतो.

आणि लिम्फोमाला ‘लसिकार्बुद’ वगैरे लिहू नका हो. एका पत्रकात ‘लसिकाग्रंथी’ वाचून एक आजोबा विचारत होते, लस टोचल्यावर येते ती गाठ का.

खडूफळा
आजोबांचा अगदीच दोष नाही. जखमेतून पाझरते ती ‘लस’ आपल्याकडे जुनीच. चरकसंहितेतही त्वचेखालच्या, व्रणातून दिसणाऱ्या द्रवाला लसीका म्हटलंय. टोचायच्या लशीने आता ती सगळी जागा व्यापली. ‘लिम्फोमा’च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘गाठींचा एक कर्करोग’ असं जोडा.

रानजाई
मग ‘शरीरातल्या धोका वाढवणाऱ्या गोष्टी’?

बाळगुटी
‘शरीरातल्या’ म्हटलं तर मलेरिया कुठे बसवणार? आफ्रिकेत विषुववृत्ताच्या आसपास, जिथे फाल्सिपेरम जातीचा मलेरिया बारमाही आहे तिथे, बर्किट लिम्फोमा जास्त दिसतो, एचआयव्ही नसलेल्या मुलांतही. तो मलेरियाही बी-पेशींना चेतवतो आणि एपस्टाईन-बारवरचा ताबा सैल करतो. डास काही शरीरातला नाही.

ओटीवरून
‘शरीरात धोका वाढवणाऱ्या गोष्टी’ करा. ‘ल्या’ काढला की मलेरियाही आत येतो. पण खाली लगेच, त्याच पानावर, गोळ्या वेळेवर सुरू केल्या आणि चुकवल्या नाहीत तर हा धोका बराच उतरतो, हे ठळक अक्षरांत हवं. मागच्या पानावर कुणी जात नाही.

रानजाई
केलं. सीडी-४ ला काही मराठी?

ओटीवरून
सीडी-फोर. आमच्याकडची दुसरीतली पोरंही तेच म्हणतात.

खडूफळा
‘गोष्टी’ मला अजून पटलेलं नाही. ‘बाबी’ बघा.