‘हाउ इज शी?’ की ‘व्हॉट इज शी लाइक?’

प्रश्न (खानापूर): मी स्पॅनिशभाषक विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. नव्या शिक्षिकेचा स्वभाव विचारायचा असताना ते हमखास ‘हाउ इज शी?’ म्हणतात आणि उत्तर प्रकृतीचे मिळते. हे कसे समजवावे?

उत्तर (बेळगाव): बाई, स्पॅनिशमध्ये स्वभाव किंवा रूप ‘कोमो एस’ने आणि सध्याची अवस्था ‘कोमो एस्ता’ने विचारतात, त्यामुळे भेद त्यांना ठाऊकच आहे, पहिल्याला ‘व्हॉट इज शी लाइक?’ आणि दुसऱ्याला ‘हाउ इज शी?’ अशी जोडी लावून द्यावी. आपल्या ‘कशी आहे?’मध्ये दोन्ही अर्थ सामावतात, म्हणून आपली मुले खरे तर अधिक अडखळतात.

उत्तर (निपाणी): सहमत. मात्र ‘व्हॉट डझ शी लाइक?’ही लगेच शिकवावे, कारण तिथे ‘लाइक’ क्रियापद असून प्रश्न आवडीचा होतो.