मदत हवी आहे: आजीच्या डब्यातली तांब्याची नाणी, झिजलेली कोणती आणि मुळातच कच्ची उमटलेली कोणती?

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजीचा पितळी डबा निघाला. आत हळकुंडं, एक तुटकी पोत आणि ३४ तांब्याची नाणी. जमिनीत वगैरे सापडलेली नाहीत, आजीच्या सासूपासून घरातच आहेत. १२ शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचे मराठेशाहीतले पैसे), ९ ईस्ट इंडिया कंपनीचे १८३५ चे पाव आणे, ६ व्हिक्टोरियाची, ४ एडवर्डची आणि ३ भोकाचे पैसे.

मी पुण्याहून पोहोचेपर्यंत काकांनी व्हिक्टोरियाची चार नाणी चिंच-मीठ लावून घासलीसुद्धा. 'बघ, कशी लखलखली!' आजी असती तर कपाळाला हात लावून म्हणाली असती, 'काय करी ऱ्हायना रे भाऊ!'

जळगावला एका व्यापाऱ्याला दाखवली. त्यांनी भिंगही न लावता सगळी 'फाईन' (म्हणजे बरीच झिजलेली, पण छाप ओळखू येणारी) म्हणून एका ढिगात लोटली. मला विकायची नाहीत. अल्बममध्ये प्रत्येकाखाली खरा दर्जा लिहायचा आहे, आणि तिथेच अडलोय.

एका शिवराईवर 'श्री राजा शिव' पैकी फक्त 'राजा' आणि अर्धा 'शि' आहे, पण जे आहे ते अगदी कोरीव. दुसरीवर सगळी अक्षरं आहेत, पण साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. वरचढ कोणती? एडवर्डच्या नाण्यांत १९०३ चं सोनाराच्या काट्यावर ६.४ ग्रॅम भरलं आणि १९०७ चं ४.८. दिसायला १९०७ चं जास्त नवं, मग वजन कमी कसं? नकली आहे का? आणि कंपनीच्या दोन नाण्यांवर फिकट हिरवे ठिपके आहेत, नखाने भुकटी निघते. बाकीच्यांवर गडद हिरवट-काळा घट्ट थर आहे. दोन्ही काढायचं का?

तापीकाठ:
१९०७ ची काळजी सोडा. १९०६ मध्ये सरकारने पाव आण्याचा धातू तांब्याऐवजी कांसं केला आणि वजन १०० ग्रेनवरून ७५ ग्रेनवर आणलं. म्हणजे साधारण ६.४८ वरून ४.८६ ग्रॅम. तुमची दोन्ही बरोबर भरतात. वजन हा झिजेचा पुरावा धरायचा असेल तर आधी त्या वर्षाचं मूळ वजन माहीत हवं.

शिवराईचं प्रकरण वेगळं. ती हाताने ठोकलेली. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं मावतच नसत. अर्धा 'शि' म्हणजे झीज नव्हे, तो टाकसाळीतच तसा जन्मला. झीज ओळखायची तर उंच भाग बघा. अक्षराची कड बोथट, माथा सपाट आणि चकचकीत, म्हणजे हातोहात फिरलेलं नाणं. छाप कच्ची असेल तर त्या जागी चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक राहतो. संध्याकाळी एकाच दिव्याखाली नाणं तिरकं धरून फिरवा, फरक दिसतो. माझ्या मते तुमची 'राजा'वाली वरचढ, पण बाजारात पूर्ण अक्षरांना गिऱ्हाईक जास्त. म्हणून शिवराईखाली दोन गोष्टी स्वतंत्र लिहा: झीज किती आणि छाप किती बसली. दर्जासाठी वापरतात ते १ ते ७० चे आकडे तिथे लावू नका. ते मोजमाप १९४९ मध्ये शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने तिकडच्या तांब्याच्या सेंटसाठी काढलं, यंत्रावर पाडलेल्या नाण्यांसाठी. व्हिक्टोरियाला ते चालेल. तिथे मुकुट, कानावरचे केस आणि पोशाखावरची नक्षी आधी सपाट होते.

भुसावळकर:
हनुमान किंवा राम दरबार असलेलं कंपनीचं '१८१८' चं नाणं नाही ना डब्यात? असली नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. असलं नाणं तांदूळ ओढून घेतं या अफवेपायी आमच्याकडे एकाने त्यावर तांदूळ चिकटतात का बघण्यात आठवडा घालवला. आणि 'जुनी नाणी लाखोंना घेतो, आधी नोंदणी फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही यावर सावध केलं होतं.

नाणेवेडी:
गडद घट्ट थर अजिबात काढू नका, दादा. तेच नाण्याचं कवच. फिकट भुकटी मात्र रोग आहे. क्लोराईड आणि ओल मिळाली की तांबं आतून खात जातं, पावसाळ्यात जास्त. लाकडी काडीने भुकटी हलकेच काढा, डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग पूर्ण कोरडं करून सिलिका जेलसोबत वेगळं ठेवा. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांनी हिरवा चिकटा धरतो.

पण मला जास्त काळजी काकांच्या चार नाण्यांची आहे. चिंचेने कवच गेलं, आणि वर चोळलं मीठ, म्हणजे क्लोराईडच! तीही पाण्यात घाला. दर्जा लिहिताना 'धुतलेलं' लिहावंच लागेल. एका दिशेच्या बारीक रेघा आणि गुलाबीसर रंग जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):
इन्व्हर्टरच्या दुकानातून डिस्टिल्ड पाणी आणलं. कंपनीच्या दोन्ही नाण्यांवर अजून नवा ठिपका नाही. पण नाणेवेडीताई, तुमचंच खरं ठरलं. काकांच्या चारांपैकी एकाच्या कडेला मोहरीएवढा हिरवा डाग आला. आठ दिवस पाणी बदललं, पुन्हा आला. आता ते एकटं बरणीत, बाकी तीन दुसऱ्या बरणीत. याच्यावर सोड्याचं द्रावण वापरतात असं वाचलं, पण रंग जाईल म्हणून हात धजत नाही. केलंय का कोणी?

नाणेवेडी:
थांबा. आधी आणखी दोन आठवडे नुसतं पाणी, मग भिंगातून डागाचा फोटो टाका. आणि काकांना सांगा, बरणी उघडायची नाही.