दिवेलागणीला आई "घरी जायचंय" म्हणते, तेव्हा काय बोलावे?

प्रश्न: माझ्या ८१ वर्षांच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. दिवेलागणीला ती पिशवी भरते आणि "मला घरी जायचंय, आई वाट पाहत असेल" असे म्हणत दाराशी उभी राहते. आजीला जाऊन चाळीस वर्षे झाली, हे सांगितले की ती नव्याने रडते. मी काय बोलावे?

उत्तर १: ताई, आजी गेल्याचे पुन्हा सांगू नका; त्यांच्यासाठी ती बातमी प्रत्येक वेळी पहिलीच असते. माझ्या वडिलांशी मी वर्षभर खरे-खोटे करत वाद घातला, याची खंत मला अजून आहे. "घर" म्हणजे बहुधा पत्ता नसतो, सुरक्षित वाटण्याची ओढ असते, म्हणून हात हातात घेऊन "तुझी आई कोणती भाजी छान करायची?" असे विचारत त्यांना हळूहळू स्वयंपाकघराकडे वळवा. मटार सोलायला दिले की आमचे बाबा शांत होत.

उत्तर २: अंधारण्यापूर्वीच दिवे लावा आणि समोर बसून एका वेळी एकच छोटे वाक्य बोला.

उत्तर ३: मी परिचारिका आहे. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर तो जुन्याच आजाराचा भाग आहे असे समजू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध यांमुळेही असे होते, आणि वृद्धांना संसर्गात ताप येतोच असे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांकही जवळ ठेवा.

प्रश्नकर्ती: काल आजीच्या अळूच्या भाजीविषयी विचारले. आई बराच वेळ बोलत राहिली आणि पिशवी तिने स्वतःच खाली ठेवली.