नवा ॲक्च्युएटर लावण्याआधी झडप हाताने फिरवून बघा

गाडीच्या डॅशबोर्डमागून टकटक आली की ॲक्च्युएटर (एसी-हीटरची हवा वळवणारी झडप फिरवणारा छोटा मोटरवाला पार्ट) गेला, असं सांगतात ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झिजले की मोटर फिरते, पण झडप जागची हलत नाही, आणि दात घसरल्याचा तो आवाज. पण दात झिजले कशाने, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. नवा पार्ट लावला, तीन आठवड्यांत पुन्हा टकटक! दुसऱ्यांदा खोललं तेव्हा काचेकडे हवा सोडणारी झडपच अर्ध्यात अडकत होती. काचेखालच्या जाळीतून पेनाचं टोपण आत पडलेलं (चिरंजीवांचा प्रताप). म्हणून जुना पार्ट निघाला की झडपेचा दांडा बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा; अडखळता कामा नये.

या कामाला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो असंही म्हणतात, ते मात्र सरसकट खरं नाही. माझ्या गाडीत ग्लोव्ह बॉक्स काढून काम झालं. आणि हो, काही गाड्यांत नंतर कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर झडपेची टोकं कुठे आहेत हेच एसीच्या कंट्रोल युनिटला कळत नाही.