मुक्काम न करता जुन्या बड्या हॉटेलात जावं का?

धरमपेठकर
मुंबईला गेलं की मुक्काम साध्या लॉजवर, पण एक दुपार मी कुलाब्याच्या ताजमध्ये काढतो. सी लाउंजमध्ये खिडकीशी जागा मिळाली की समोर गेटवे अन् बोटी. शेवपुरी, चहा, बिल, निघालो. जाताना जुन्या इमारतीतला मधला जिना पाहायचा, तिथं ताज उभारणाऱ्या जमशेदजी टाटांचा अर्धपुतळा आहे. वास्तू १९०३ ची, गेटवेचं उद्घाटन १९२४ चं! खोली परवडत नाही म्हणून जन्मभर फुटपाथवरूनच फोटो काढायचे का? चहाचं बिल हेच तिकीट समजावं. मित्रांच्या ग्रुपवर एकानं याला ‘उधारीचा रुबाब’ म्हटलं, म्हणून धागा काढला.

बर्डीवाला
तो मीच. भाऊ, खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर गेलं की तिथल्या खाण्यावर १८ टक्के जीएसटी. त्या बिलात आख्ख्या घराचे तर्री-पोहे होतात. अन् खरं सांगा, जिना पाहायला जाता की स्टेटस टाकायला?

महालची काकू
टाकलं स्टेटस तर काय बिघडलं? लग्नासाठी मुलगा-मुलगी पाहायला लोक त्याच सी लाउंजमध्ये बसत आलेत, ते काय खोली घेऊन? तिथं चहा प्यायला येणारा गावातला माणूस पहिल्यापासून आहे.

जुनी शुक्रवारी
मला वेगळंच वाटते. वास्तू चालती राहिली तरच टिकते. मुंबईचंच वॉटसन हॉटेल घ्या. १८९६ च्या जुलैत ल्युमिए बंधूंचे चित्रपट तिथं दाखवले, देशातला पहिला खेळ. पुढं हॉटेल बंद पडलं, आत गाळे अन् ऑफिसं झाली, आता इमारत मोडकळीला आली. आपल्याकडं तरी काय? जमशेदजींची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ताजच्या कितीतरी आधी. आज त्या जागेवर मॉल आहे. मॉलमध्ये चहा प्या, जिना नाही दिसणार.

बर्डीवाला
पटलं, पण अर्धंच. ताज चालते ते खोल्यांच्या भाड्यावर अन् लग्नांच्या हॉलवर, तुमच्या शेवपुरीवर नाही. वारसा जपून राहिलो, असा आव कशाला?
आणि ‘कोणीही जा’ म्हणणं सोपं आहे. एका मोठ्या हॉटेलच्या दारात (नाव घेत नाही) माझ्या बाबांचं धोतर पाहून वॉचमननं तीनदा विचारलं, कोणाकडे जायचं आहे? मागून सूटवाला आला, त्याला सलाम. बाबा म्हणाले, चल, बाहेर उसाचा रस पिऊ.

धरमपेठकर
हे वाईटच झालं. २६/११ नंतर बॅग सगळ्यांचीच तपासतात, ते समजू शकतो. धोतराची चौकशी नाही समजत.

महालची काकू
म्हणून तर जास्त लोकांनी जावं नं! धोतर-नऊवारीवाले रोज दिसले की वॉचमनची नजर सरावेल. बर्डीवाला, तुम्ही परत काहून फिरलात?

बर्डीवाला
बाबांचा मूड गेला होता, काकू. वॉचमनला शिकवायचा ठेका त्यांनी का घ्यावा?

जुनी शुक्रवारी
हैदराबादला जाणाऱ्यांसाठी: फलकनुमा राजवाड्यात २०१० पासून हॉटेल आहे. १०१ माणसांचं जेवणाचं टेबल तिथलंच. पण चहासुद्धा आधी बुकिंग करूनच, नाहीतर गेटवरून परत. बुकिंग असलं की कपडे पाहून अडवायचं कारण उरत नाही.

बर्डीवाला
बुकिंगचे पैसे किती, ते सांगा आधी.